कमी ऐकणाऱ्या गावाचा गवई

आमच्या अण्णांना कमी ऐकू यायचे. पंचविशीत ते जॉबर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारे, झाले आणि चाळिशीत समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणे समजून घेऊ लागले. पुढे कर्ज काढून त्यांनी स्वतःचे आठ माग टाकले. बालोतरा-पालीकडचे कापडाचे व्यापारी इचलकरंजीला आले की कधीमधी आमच्या शेडवरही डोकावायचे. चहा आला की अण्णा त्यांना एक वाक्य हमखास ऐकवायचे : "ये गाव बाळकृष्णबुवा का हाय." एकदा एका शेठजींनी बशी तोंडाशी थांबवून विचारले, "बुआ? किसकी बुआ?" हिंदीत बुआ म्हणजे आत्या. अण्णांना प्रश्न नीट कळलाच नव्हता. त्यांनी जोरजोरात मान हलवली आणि म्हणाले, "हां हां, सबका!"

अण्णांनी जन्मात ख्याल ऐकला नव्हता. भजन त्यांना आवडायचे, चौंडेश्वरीच्या उत्सवात टाळ घेऊन उभे राहायचे, पण टाळ हातात असला तरी डोळे मृदंगवाल्याच्या पंजावर. असा माणूस ज्या गवयाचा एक सूरही त्याच्या कानावर पडलेला नाही त्याच्याबद्दल परक्याला अभिमानाने सांगतो, याचे मला लहानपणी हसू यायचे. आता मी साठी ओलांडली. चाळीस वर्षे सुताला खळ देणाऱ्या एका सायझिंगमध्ये दिवाणजी म्हणून वह्या लिहिल्या, संध्याकाळी जमेल तसा तबला वाजवला. हसू येत नाही. अण्णांच्या त्या वाक्याचा हिशेब मात्र अजून जुळवतो आहे.

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर १८४९ साली जन्मले ते इचलकरंजीत नव्हे, लागून असलेल्या चंदूरमध्ये. चंदूरचा माझा एक दोस्त अजून चिडवतो, "बाळंतपण आमच्यात झालं आणि बारशाचं नाव तुम्ही लावलंसा." त्याचे खोटे नाही. पण बुवांच्या काळात गवयाला खरे नाव मिळे ते उमेदवारी संपल्यावर, आणि बुवांची उमेदवारी फार लांबची होती. ख्याल शिकायचा तर त्या वेळी वाट उत्तरेलाच जायची. आपल्याकडे कीर्तन होते, लावणी होती, कुठे कुठे ध्रुपद होते. ग्वाल्हेरच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ या भावांनी नावारूपाला आणलेला ख्याल मात्र ग्वाल्हेरलाच जाऊन आणावा लागे.

बुवा आधी धारला गेले, देवजीबुवा परांजपे यांच्याकडे. शिष्याने गुरूच्या घरी पाणी भरायचे, लाकडे फोडायची, माधुकरी मागून पोट भरायचे आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा जे मिळेल ते गाणे उचलायचे, हा रिवाजच होता. तिथे गुरुपत्नीच्या रोषामुळे बुवांना धार सोडावे लागले, अशी हकीकत सांगतात. अर्धे शिक्षण पदरात आणि पुढे दार बंद. मग वासुदेवबुवा जोशी भेटले. हे हस्सूखाँचे शिष्य. दोघांची गाठ काशीत पडली म्हणतात. वासुदेवबुवांनी त्यांना पदरात घेतले, ग्वाल्हेरला नेले आणि हात न राखता शिकवले.

मी तबलजी, म्हणून या गायकीचे मला कळते ते ठेक्याच्या बाजूने सांगतो. ग्वाल्हेरचा गवई चीज आधी पुरी म्हणतो. अस्थायी, अंतरा, दोन्ही स्वच्छ. काय विणायचे आहे ते एकदा अख्खे दाखवायचे, मग हात घालायचा. लय फार रेंगाळू द्यायची नाही. तिलवाड्याच्या सोळा मात्रा अशा चालायच्या की गाणाऱ्याला आलाप करता आला पाहिजे आणि ऐकणाऱ्याला समेची वाट बघत ताटकळावे लागू नये. आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, मींड, गमक अशी सगळी अंगे एकाच गाण्यात यायला हवीत, म्हणून तिला अष्टांगाची गायकी म्हणतात. माझे मास्तर म्हणायचे, "यात लपायला जागा नाही." पुढे वहीवर बसल्यावर मला ते वाक्य जास्त पटले.

ही शिदोरी घेऊन बुवा खाली आले. मुंबईत त्यांनी गायन समाज काढला, 'संगीत दर्पण' नावाचे मासिक चालवले. गवयाने मासिक काढावे ही त्या काळी नवलाची गोष्ट. पण मुंबईच्या दमट हवेत दम्याने उचल खाल्ली. गाणाऱ्याला दमा म्हणजे विणकराच्या हाताला कंप. मुंबई सोडून ते आपल्या मुलखाकडे परतले, मिरजेला राहिले आणि तिथे त्यांच्याकडे एक मुलगा आला. कुरुंदवाडचा, १८७२ चा जन्म, कीर्तनकाराचा पोर. फटाका चेहऱ्याजवळ फुटून डोळे अधू झालेले. उपचारासाठी मिरजेला आणला होता. डोळे काही सुधारले नाहीत, गाणे मिळाले. विष्णू दिगंबर पलुस्कर ते हेच.

विष्णू दिगंबरांनी बुवांकडे कितीतरी वर्षे काढली आणि १८९६ मध्ये मिरज सोडली. सोडण्यामागे एक हकीकत सांगितली जाते. गावातल्या एका समारंभाचे आमंत्रण राजाच्या मर्जीतला म्हणून या तरुण शिष्याला आले, गुरूला आले नाही. का, म्हणून विचारले तर उत्तर मिळाले की गवयांना असल्या ठिकाणी कोण बोलावतो? ते उत्तर त्यांच्या जिव्हारी लागले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय उघडले. एका राजाच्या आश्रयाऐवजी लोकांच्या वर्गणीवर चालणारी गाण्याची शाळा, तीही चांगल्या घरच्या मुलामुलींसाठी. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, सगळे त्यांच्याच हाताखालचे. आज देशभर मुले गाण्याच्या परीक्षांना बसतात, त्या प्रथेची मुळे शोधत गेले की लाहोर लागते, लाहोरामागे मिरज, आणि मिरजेमागे दम्याने खोकणारे आमचे बुवा.

इतर शिष्यही कमी नव्हते. अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा. त्यांचे चिरंजीव गजाननराव जोशी गायचेही आणि व्हायोलिनही वाजवायचे, आणि त्यांनी उल्हास कशाळकरांसारखे शिष्य तयार केले. दुसरे यशवंत सदाशिव मिराशीबुवा, ज्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ विष्णू दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय पलुस्कर यांनाही झाला. गुंडूबुवा इंगळे, नीलकंठबुवा अलूरमठ, वामनबुवा चाफेकर. महाराष्ट्रात ग्वाल्हेरचा ख्याल कोणाकोणाच्या गळ्यातून गेला याची वंशावळ काढायला बसा, बहुतेक फांद्या बुवांपाशी येऊन मिळतात.

आता गावाचे. बुवांनी शेवटची वर्षे इचलकरंजी संस्थानच्या आश्रयाने काढली आणि १९२६ साली ते गेले. ही छोटी जहागीर कोल्हापूर दरबाराखालची. मूळ पुरुष नारो महादेव जोशी. घोरपड्यांच्या चाकरीत नाव काढले आणि धन्याचे आडनाव लावले. त्यांच्या मुलाला, व्यंकटरावांना, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची मुलगी अनुबाई दिली, म्हणजे थोरल्या बाजीरावांची बहीण. बुवांच्या वेळी गादीवर नारायणराव बाबासाहेब घोरपडे होते. त्यांची कारकीर्द १८९२ ते १९४३, एकावन्न वर्षांची.

याच कारकिर्दीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग चालू केला. जहागीरदारांचे त्याला प्रोत्साहन होते. माझे आजोबा तेव्हा नव्हते, पणजोबा होते. खड्डा माग, पाय खड्ड्यात, हाताने धोटा. यंत्राचा माग आला तेव्हा कोष्टीवाड्यात त्यावर काय बोलणे झाले ते आमच्या घरात कोणी सांगत नाही. आजोबांनी खड्डा बुजवला आणि ते दुसऱ्याच्या यंत्रमागावर उभे राहिले, एवढेच माहीत आहे. त्या पहिल्या मागापासून गावात मागांची संख्या लाखाच्या घरात गेली आणि लोक 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणू लागले.

पहिला माग सुरू झाला तेव्हा बुवा पंचावन्न वर्षांचे होते. मी ही दोन सालं वहीच्या एका पानावर शेजारी शेजारी लिहून ठेवली आहेत. एकाच धन्याच्या छत्राखाली माग आणि ख्याल दोन्ही आले. माग इथे राहिला आणि त्याने गाव व्यापले. गाणे शिष्यांबरोबर निघून गेले आणि गावाला नाव तेवढे ठेवून गेले.

माग गावाचे कानही घेऊन गेला. साध्या मागाचा धोटा मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा आपटतो. असे चोवीस माग एका पत्र्याच्या शेडमध्ये, दोन पाळ्या. आठ तासांसाठी कायद्याने ९० डेसिबलची मर्यादा घातली आहे; धोट्याच्या शेडमध्ये आवाज त्याच्या वर असतो. आमच्याकडची माणसे घरीही मोठ्याने बोलतात. पाहुण्यांना वाटते भांडण चालले आहे. शेडमध्ये तर बोलत नाहीतच. अंगठा तोंडाकडे म्हणजे चहा, दोन बोटांनी कात्री म्हणजे तार तुटली, मूठ गोल फिरवली म्हणजे कांड्या संपल्या. कांड्या भरणाऱ्या बायका ओठ हलवून अख्ख्या गावच्या बातम्या एकमेकींना पोचवतात.

अण्णांचे काम या गोंगाटात बिघडलेला माग ओळखण्याचे. तरुणपणी ते कानाने ओळखायचे. ठोका जरा उशिरा पडतोय म्हणजे पिकिंगची काठी सैल झाली, असे दहा माग पलीकडून सांगायचे. कान गेल्यावर त्यांनी दुसरी युक्ती काढली. प्रत्येक मागाच्या चौकटीवर उजवा तळवा टेकवायचे, डोळे मिटायचे, क्षणभर थांबायचे. मग एकतर पान्याला हात घालायचे, नाहीतर मान हलवून "बरोबर चाललंय" म्हणत पुढच्या मागाकडे जायचे. या तळव्याची चूक झालेली मी पाहिली नाही.

मला तबला लागला तो वीज गेल्यामुळे. गावभागातल्या एका खोलीत मास्तरांचा क्लास चालायचा, खाली बारा मागांची शेड. एरवी पेटीचा आवाज जिन्यापलीकडे येत नसे. पण वीज गेली की गल्लीतला एकेक माग थांबत जायचा आणि मग अशी शांतता पडायची की कानात शिट्टी वाजते आहे असे वाटायचे. मी आठ-नऊ वर्षांचा, डबा घेऊन शेडकडे निघालेलो. त्या शांततेत वरून पेटी, एका मुलीचा सा आणि तबला. मी जिन्यावर बसलो. वीज आली, सगळे बुडाले, तरी बोटांत ते राहिले. अण्णांनी परवानगी लगेच दिली. "बुवांचं गाव हाय. शिकावं की."

१९७४ साली पन्नासावे मराठी साहित्य संमेलन आमच्याकडे भरले. अध्यक्ष पु. ल. देशपांडे. साहित्यिक तर खरेच, पण पेटीवर हात असलेला आणि गाण्यावर जीव असलेला माणूस. अण्णा मला घेऊन गेले आणि मंडपाच्या टोकाला, कर्ण्याच्या अगदी खाली उभे राहिले. लोक हसले की अण्णा हसायचे, अर्ध्या क्षणाने उशिरा. परतताना मी विचारले, "काय म्हणाले हो?" "लई भारी बोलला," एवढेच उत्तर. पण त्या दिवसांत गावातला जो तो परगावच्या पाहुण्याला बुवांचे नाव सांगत होता, आणि माग एके माग सांगणाऱ्या गावाला आपल्याकडे दुसरेही काही आहे हे आठवले होते. मला वाटते, अण्णांचे ते व्यापाऱ्यांपुढचे वाक्य तेव्हापासून पक्के झाले.

हा अभिमान पोकळ आहे का? पुण्यात गाणे ऐकायला गेलो आणि इचलकरंजीचा म्हटले की जुनी माणसे सतरंजीवर सरकून जागा देतात. त्या जागेवर बसताना मला दरवेळी ओशाळायला होते. गावाने बुवांना गाणे शिकवले नाही. ते ग्वाल्हेरचे. त्यांचा सर्वांत मोठा शिष्य मिरजेत घडला आणि लाहोरला नावाजला. आपले त्यात काय?

मग मी दिवाणजी होतो आणि आमच्या धंद्याच्या भाषेत विचार करतो. अण्णांचे आठ माग 'खर्ची'वर चालायचे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, बीम त्याने भरून द्यायचा, तयार तागाही त्याचाच. आम्हाला मिळायची ती पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, मजुरी. विणलेल्या हजारो मीटर कापडातले हातरुमालाएवढेही आमच्या मालकीचे नसे. पण ताग्यात दोष निघाला की व्यापारी कापसाच्या शेतकऱ्याला विचारत नाही, आम्हाला विचारतो. वीण आमची असते. बुवाही एका अर्थी खर्चीवालेच. सूत ग्वाल्हेरहून आणले, तागे सगळीकडे गेले. मधली वीण त्यांनी या कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात बसून केली, आणि दम्याने हैराण झालेल्या त्या विणकराला उतारवयात बसायला जागा दिली ती आमच्या गावाने. एवढ्याच मजुरीवर आमचा हक्क. तेवढा सांगायला हरकत नाही.

आणि वीण अगदीच थांबली असेही नाही. अलीकडच्या काळात द. वि. काणेबुवा इथेच राहून शिकवत होते. आज देशभर गाणाऱ्या मंजूषा कुलकर्णी-पाटील त्यांच्या शिष्या. नाट्यगृहाला नारायणराव बाबासाहेबांचे नाव आहे. गाव आता महानगरपालिका झाले, धोट्याचे माग मोडीत जाऊन बिनधोट्याचे येत आहेत.

मास्तर गेले तेव्हा त्यांचा तानपुरा माझ्याकडे आला. मिरजेचा. मिरजेचे तंतुवाद्य करणारे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारीचे काम सरले तेव्हा फरीदसाहेबांच्या पिढीने सतार-तानपुऱ्याला हात घातला. भोपळे मंगळवेढ्याकडून येतात. पुढे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले आणि त्या कसबाला जाणता कान मिळाला. माझ्याकडचा तानपुरा पन्नास वर्षांचा असेल. पण बोलेना. तारा नव्या, घोडी ठीक, आवाज मात्र पत्र्यासारखा. जवारीचा दोरा गेला होता. तार आणि घोडी यांच्या मधे सुताचा एक तुकडा सरकवतात. तो केसभर पुढे-मागे केला की तार घोडीवर ज्या जागी टेकते ती बदलते आणि आवाज फुलतो. लाखभर मागांच्या गावात मला बोटभर धागा सापडेना. कोनावरचे सूत फार बारीक, लगेच तुटायचे.

अण्णा तेव्हा ऐंशीचे होते, काहीच ऐकू येत नव्हते. माझी खटपट बघत बसले होते. हाताने विचारले, काय? मी चिमटीने धागा दाखवला. ते उठले, कोनावरून चाळीस नंबरचे सूत ओढले, चारपदरी केले, मांडीवर तळव्याने पीळ दिला, थुंकी लावून टोक ओढले आणि माझ्या हातात दिले. मी दोरा तारेखाली घातला, सरकवत गेलो. एका जागी तार एकदम उघडली. चारी तारा छेडल्या.

अण्णा जवळ आले. तानपुऱ्याच्या भोपळ्यावर त्यांनी उजवा तळवा टेकवला, डोळे मिटले, क्षणभर थांबले. मी छेडत राहिलो. मग मान हलवून म्हणाले, "बरोबर चाललंय."